‘दिसायला तर काहीच नाही’ : अपस्मार असलेल्या एका तरुणीच्या पत्राला उत्तर

कागल तालुक्यातील एका गावात राहणाऱ्या सव्वीस वर्षांच्या तरुणीचे पत्र माझ्यासमोर आहे. ती रोज एस.टी.ने कोल्हापुरात येते आणि शाहूपुरीतील एका पेढीत हिशेबाचे काम पाहते. तेराव्या वर्षी तिला अपस्माराचे निदान झाले. अंग आखडून, तोंडाला फेस येऊन पडण्याचा प्रकार गोळ्या सुरू झाल्यावर हळूहळू थांबला आणि गेल्या सात वर्षांत तसे एकदाही झालेले नाही. मात्र महिन्यातून दोन-तीन वेळा ती मिनिटभर टक लावून पाहत राहते, तोंडाने काही चघळल्यासारखे करते, हातातील कागद उगाच चाळत राहते आणि त्यानंतरही काही वेळ तिला शब्द सापडत नाहीत. पेढीचे मालक म्हणतात, कामात लक्ष नाही. घरी आजी म्हणते, ‘बाहेरचं लागिर हाय.’ मैत्रिणी म्हणतात, ‘तुला काय धाड भरलीय, चांगली धडधाकट तर दिसतीस.’ तिने विचारले आहे की, याला अपंगत्व म्हणायचे की नाही, आणि कामाच्या ठिकाणी व लग्न ठरवताना हे सांगायचे की लपवायचे. मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ कोल्हापुरात मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो. पुढे आलेल्या रुग्णांची ओळख पटू नये एवढे तपशील मी बदलले आहेत.

ताई, पत्रातील एक वाक्य मला मान्य नाही, ते आधी सांगतो. ‘सात वर्षांत फिट आलेली नाही, फक्त मधूनमधून हरवल्यासारखं होतं,’ असे तुम्ही लिहिले आहे. ते हरवणे हीच फिट आहे. मेंदूतील पेशींचे काम अतिशय सूक्ष्म विद्युत्‌ संदेशांवर चालते, आणि त्यांतील एखादा समूह एकाच वेळी, एकाच ठेक्यात, गरजेपेक्षा कितीतरी जास्त संदेश सोडू लागला की झटका येतो. हा गोंधळ मेंदूच्या दोन्ही अर्धांमध्ये पसरला तर माणूस कोसळतो. तो कानाच्या आसपासच्या, कवटीच्या आतील भागापुरता राहिला, तर माणूस बसल्या जागी बसून राहतो, डोळे उघडे असतात, हात काहीतरी करत असतात, परंतु भान नसते. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. ती झटक्याची सुरुवातच असते. नव्या आठवणी साठवण्याचे कामही मेंदूच्या त्याच भागात चालते, त्यामुळे त्या मिनिटाची नोंद तुमच्याकडे राहतच नाही. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी या आजाराला स्मृती निघून जाण्यावरून अपस्मार हे नाव दिले आणि चरकसंहितेत त्याचे वर्णन ‘तमःप्रवेश’, म्हणजे अंधारात शिरणे, असे केले आहे. झटक्याच्या वेळी काय होते हे या शब्दाइतके नेमके सांगणारा दुसरा शब्द मला अजून मिळालेला नाही.

हा फरक मी ताणून सांगतो आहे, कारण या आजाराचे न दिसणे दवाखान्यातही आड येते. माणूस रस्त्यात कोसळला की घरचे धावत घेऊन येतात. मिनिटभर गप्प बसला तर कोणी येत नाही. माझ्या हातूनही हे झाले आहे. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत यंत्रमागाच्या गावातून एक बाई माझ्याकडे येत असत. दर तीन महिन्यांनी मी विचारायचो, ‘फिट आली का?’ त्या म्हणायच्या, ‘नाही,’ आणि मी त्याच गोळ्या पुढे लिहून द्यायचो. चौथ्या वर्षी त्यांच्याबरोबर शाळकरी मुलगा आला आणि बोलून गेला, ‘आई रोज कुठंतरी बघत बसती, हाक मारली तरी ओ देत नाही.’ चार वर्षे चुकीचा प्रश्न विचारत होतो. तेव्हापासून मी रुग्णाइतकेच त्याच्या शेजारी बसणाऱ्याला विचारतो, आणि घरच्यांना मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगतो. अर्ध्या मिनिटाचे ते चित्रण कित्येकदा मेंदूच्या आलेखापेक्षा, म्हणजे ई.ई.जी.पेक्षा, जास्त सांगून जाते. हा आलेख जेमतेम अर्ध्या तासाचा असतो आणि अपस्मार असलेल्या कित्येकांचा पहिला आलेख निर्दोष येतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे नाटक करते,’ हे वाक्य मी सुशिक्षित घरांतही ऐकले आहे आणि त्याचा मला अजूनही राग येतो.

तुम्ही आतापर्यंत घेतलेली औषधे पाहता मी दुसरी गोष्टही स्पष्टपणे लिहितो. योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत आणि नियमित घेऊनही झटके थांबत नसतील तर त्याला औषधांना दाद न देणारा अपस्मार म्हणतात, आणि मग तिसरी-चौथी गोळी वाढवत वर्षे काढण्याऐवजी शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकतो का, हे तपासायला हवे. त्यासाठी या आजाराकरिता खास पद्धतीने केलेला एम.आर.आय. आणि काही दिवस रुग्णालयात ठेवून चित्रीकरणासह घेतलेला ई.ई.जी. लागतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून ही शस्त्रक्रिया होते, मुंबईतही होते. २००१ मध्ये कॅनडातून प्रसिद्ध झालेल्या, ८० रुग्णांच्या अभ्यासात तुमच्यासारखे भान हरपणारे झटके वर्षभरात पूर्ण थांबलेले रुग्ण शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के होते आणि केवळ औषधांच्या गटात ८ टक्के. सर्वांना ही वाट खुली नसते. परंतु तुम्हाला ती आहे की नाही, हे तेरा वर्षांत कोणी पाहिलेच नाही.

आता अपंगत्वाविषयी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. त्यांत मज्जासंस्थेच्या दीर्घकालीन विकारांना स्थान मिळाले, परंतु अपस्माराचे नाव त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. ज्या मुलांना अपस्माराबरोबर मेंदूचा पक्षाघात किंवा बौद्धिक अक्षमता असते त्यांना त्या कारणाने प्रमाणपत्र मिळते. केवळ अपस्मार असलेल्याला ते मिळवणे अवघड जाते, आणि नोकरीतील आरक्षणासारख्या सवलतींसाठी लागणारी ४० टक्क्यांची अट तर फारच दूरची ठरते. माझ्या मते अडचण टक्केवारीच्या कल्पनेतच आहे. पाय किती वाकतो, कान किती ऐकतो हे तपासणीच्या दिवशी मोजता येते. महिन्यातून तीन मिनिटे शुद्ध हरपणे त्या दिवशी प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर घडेलच असे नाही. त्याच कायद्यात दिव्यांग व्यक्तीची व्याख्या मात्र शहाणपणाने केली आहे : दीर्घकाळ टिकणारी एखादी उणीव आणि भोवतालचे अडथळे यांच्यामुळे ज्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने समाजात वावरता येत नाही ती. तुमच्या बाबतीत उणीव तीन मिनिटांची आहे आणि अडथळे उरलेल्या सगळ्या महिन्याचे आहेत. एस.टी.त उभे राहायचे की नाही, बैठकीत हरवलो तर काय, बाथरूमला कडी लावायची का, हा विचार झटका नसतानाही चालूच असतो. म्हणून प्रमाणपत्र मिळो न मिळो, स्वतःपुरते याला अपंगत्व म्हणायला तुम्ही कचरू नये, असे मला वाटते. तसे म्हटले की स्वतःला आळशी किंवा विसरभोळी ठरवणे थांबते.

सांगायचे की लपवायचे, या प्रश्नाला मी ‘प्रामाणिकपणे सर्वांना सांगा’ असे उत्तर देणार नाही. ज्याला या सांगण्याची किंमत मोजावी लागत नाही त्यानेच असा उपदेश करावा. माझा निकष साधा आहे : झटक्याच्या वेळी जे तुमच्याजवळ असण्याची शक्यता आहे त्यांना सांगायलाच हवे, ज्यांच्याबरोबर आयुष्य काढायचे आहे त्यांना निर्णयापूर्वी सांगायला हवे, बाकीच्यांना सांगणे ही तुमची मर्जी. पेढीत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या दोघांना आणि मालकांना सांगा. सांगताना आजाराचे नाव, त्यात काय दिसते आणि त्या वेळी काय करायचे, एवढे तीनच भाग असू द्या. ‘मला अपस्मार आहे. महिन्यातून दोन-तीनदा मी मिनिटभर उत्तर देत नाही. तेव्हा मला ओढू नका, हलवू नका, पाणी पाजू नका. उठून चालू लागले तर जिन्यापासून हलकेच बाजूला वळवा आणि भानावर येईपर्यंत जवळ थांबा.’ हिशेबाच्या कामात आणखी एक सोय मागून घ्या : झटक्याच्या अलीकडच्या आणि नंतरच्या अर्ध्या तासातील नोंदी दुसऱ्याने एकदा पडताळाव्यात. मालकांच्या दृष्टीने जे दुर्लक्ष आहे त्यातील बराचसा भाग त्या अर्ध्या तासातलाच असावा.

पडण्याचा मोठा झटका पुन्हा कधी आलाच तर काय करायचे, हेही त्यांना माहीत हवे. घड्याळ पाहायचे, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करायच्या, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचे, आचके थांबू लागताच कुशीवर वळवायचे. तोंडात चमचा, बोट, कापड काहीही घालायचे नाही. जीभ गिळली जात नसते, दात मात्र तुटतात. पाच मिनिटांत थांबले नाही, किंवा शुद्ध येण्यापूर्वी दुसरा झटका सुरू झाला, तर १०८ ला फोन करायचा. कांदा हुंगवणे, मुठीत किल्ल्या देणे आणि नाकाला चप्पल लावणे यांचा उपयोग शून्य आहे. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि तोवर कोणीतरी चप्पल शोधून आणलेली असते, एवढेच तिचे कर्तृत्व. कोल्हापूरच्या चपलेला नाव कमवायला दुसरी पुष्कळ कारणे आहेत.

कामाचे स्वरूप धोक्याचे असेल तर मात्र माझे मत कडक आहे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत वितळलेल्या लोखंडाजवळ काम करणाऱ्या एका तरुणाने तीन वर्षे आजार लपवला. मला कळले तेव्हा त्याच्या परवानगीने मी कंपनीला पत्र लिहिले. त्याला कमी करतील अशी त्याची खात्री होती. त्यांनी त्याला भट्टीवरून हलवून तयार मालाच्या तपासणीला लावले आणि तो आजही तेथे आहे. सगळीच पत्रे अशी फळाला येत नाहीत. अशाच एका पत्रानंतर एका मुलीला आठवड्यात घरी बसवले गेले, हेही मला सांगायला हवे. गुऱ्हाळात उकळत्या काईलीजवळ, उंच बांधकामावर किंवा फिरत्या पट्ट्याच्या यंत्रावर काम असेल तर सांगण्याची ती जोखीम पत्करावी लागते. तुमचे काम तसे नाही, म्हणून तुम्हाला कोणाला आणि कधी सांगायचे हे निवडण्याची मोकळीक आहे. मात्र एखाद्या अर्जात लेखी विचारले असेल तर खोटे लिहू नका.

लग्नाविषयी तुमच्या आईने जुन्या कायद्याची भीती घातली आहे. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या बरोबरीने अपस्माराचे वारंवार झटके हाही विवाहाच्या आड येणारा दोष ठरला होता, हे खरे. १९९९ मध्ये हा उल्लेख हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातूनही काढून टाकण्यात आला. आज अपस्मार आहे म्हणून विवाह कायद्याने अवैध ठरत नाही. लपवले तर मात्र फसवणुकीचा आरोप करायला जागा राहते. कायद्यापेक्षाही मला औषधाची काळजी जास्त आहे. लग्न होऊन सासरी गेलेली एक मुलगी गोळ्या धान्याच्या डब्यात लपवून ठेवत असे आणि माजघरात कोणी नसेल तेव्हाच घेत असे. पाहुणे आले की गोळी चुकायची. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात, श्रावणी सोमवारी, सर्वांसमोर तिला मोठा झटका आला. ती लग्नाआधी झटक्यांपासून अडीच वर्षे मुक्त होती. लपवणे म्हणजे रोज दोनदा चोरून औषध घेणे, आणि असे औषध नियमित घेतले जात नाही. म्हणून पाहण्याच्या पहिल्या कार्यक्रमात नाही, पण सुपारी फुटण्यापूर्वी, मुलाला स्वतः सांगा आणि त्याला हवे असेल तर माझ्याकडे घेऊन या. पंधरा-वीस मिनिटांच्या अशा भेटींनंतर काही स्थळे मोडली आणि काही टिकली. टिकलेल्या घरांतून मला पुढे बारशाची बोलावणी आली आहेत.

अपस्मार असलेल्या बहुतेक स्त्रियांना निरोगी मुले होतात. परंतु औषधाची निवड आधी व्हावी लागते. तुमच्या गोळ्यांत सोडियम व्हॅल्प्रोएट आहे. गरोदरपणात ते घेतलेल्या मातांच्या दर १०० बाळांपैकी साधारण १० बाळांत मोठे जन्मदोष आढळतात. इतर मातांच्या बाळांत हे प्रमाण दोन-तीन असते. बाळाच्या बौद्धिक वाढीवरही त्याचा परिणाम होतो. लेव्हेटिरासिटाम किंवा लॅमोट्रिजिन या बाबतीत पुष्कळ सुरक्षित आहेत. हा बदल लग्नापूर्वी, सावकाश आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचा असतो, आणि फॉलिक ॲसिड दिवस राहण्यापूर्वीच सुरू करायचे असते. हे वाचून आजपासून गोळी बंद करू नका. औषध अचानक बंद केल्याने येणारे झटके एकामागून एक येऊन जिवावर बेतू शकतात.

तुम्ही गावातून एस.टी.च्या थांब्यापर्यंत मोपेडवर जाता, ते आजच थांबवा. वाहन परवान्याच्या नमुना १ मध्ये अपस्मार आहे का, असा थेट प्रश्न असतो, आणि तुमचे झटके चालू आहेत. ब्रिटनमध्ये खासगी मोटारीसाठी साधारणतः वर्षभर झटका आला नसेल तर परवाना मिळतो. आपल्याकडेही अशी मुदत असावी, असे माझे मत आहे, कारण सरसकट नकारामुळे लोक त्या चौकटीत ‘नाही’ लिहून मोकळे होतात. पण महिन्यातून दोनदा भान जाणाऱ्याला जगात कोठेही गाडी चालवता येणार नाही. विहिरीत, रंकाळ्यात, नदीत एकटीने उतरणे नको. बाथरूमला आतून कडी न लावता दारावर पाटी अडकवा आणि बादलीतल्या पाण्याने बसून अंघोळ करा.

झोपेचे म्हणाल तर गणपतीच्या विसर्जन मिरवणुकीनंतरच्या दोन दिवसांत माझ्या दवाखान्यातील गर्दी दरवर्षी वाढते. रात्रभर जागरण, उपाशीपोट आणि चुकलेली गोळी, हे तिन्ही एकत्र आलेले असते. नवरात्राचा उपवास करायचा असेल तर करा, मात्र गोळी पाण्याबरोबर ठरल्या वेळी घ्या; तिने उपवास मोडत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात रस्ते बंद झाले तेव्हा औषध संपलेल्या रुग्णांचे फोन मला येत होते. तेव्हापासून जून ते सप्टेंबर निदान महिनाभराची औषधे घरात शिल्लक असावीत, असे मी प्रत्येकाला सांगतो. पंचगंगेकाठच्या गावांना तर हे सांगावेच लागते.

आजीशी भांडू नका. तिच्या तरुणपणी या आजारावर देवरशाखेरीज तिला कोणी भेटलेच नसेल. लिंबू उतरून टाकले तर टाकू द्या, ज्योतिबाला नारळ वाहिला तर वाहू द्या. गोळी थांबली नाही तर त्याने काही बिघडत नाही. पण कोणी बांधून ठेवायला, धुरी द्यायला किंवा मारायला निघाला, तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखालील असे प्रकार गुन्हा ठरवले आहेत, हे वडिलांना सांगून ठेवा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे की, अलीकडे कशातच मन लागत नाही आणि पहाटे जाग येते. ही अपस्माराबरोबर वारंवार येणारी उदासीनता असू शकते. तिला लोकांचे बोलणे जसे कारण असते तसे मेंदूतील तेच जाळे आणि कधीकधी औषधही कारण असते. लेव्हेटिरासिटामने काही जणांचा स्वभाव चिडचिडा होतो, काहींना निराशा येते. तिच्यावर उपचार आहेत आणि ते अपस्माराच्या औषधांबरोबर घेता येतात. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी या, किंवा कोल्हापूरच्या सरकारी सी.पी.आर. रुग्णालयात जा.

येताना जुने सगळे एम.आर.आय. घेऊन या, केवळ अहवाल नको, फिल्म किंवा सी.डी. हवी. एका वहीत झटक्याची तारीख, वेळ, त्याआधीच्या रात्रीची झोप, पाळीचा दिवस आणि चुकलेली गोळी एवढे लिहा. ज्या झटक्यांचा तुम्हाला पत्ताच लागत नाही ते लिहिण्यासाठी शेजारच्या टेबलावरील मैत्रिणीला दुसरी वही द्या. दोन्ही वह्यांतील आकडे सहसा जुळत नाहीत. मी तिच्या वहीवरून औषध ठरवीन.